बंगल्यामागचा जलतरण तलाव पूर्णत्वास नेताना: जलरचना, डेक आणि झाडे

काँक्रीटची टाकी ओतून झाली, सेंट्रिंग निघाले आणि खड्ड्याला तलावाचा आकार आला, की मालकाचे लक्ष सहसा टाइलच्या रंगाकडे आणि धबधब्याच्या चित्रांकडे वळते. या टप्प्यावर आधी ठरवायला हवे ते वेगळेच असते. पाणी कोठून येणार, कोठे पडणार, कोठे सांडणार आणि पावसाळ्यात उतारावरून येणारे गढूळ पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाणार, हे एकदा नक्की झाले म्हणजे दगड, टाइल आणि झाडे यांची निवड बरीच सोपी होते. हे न ठरवता सजावट केली, तर पुढे तीच फोडून पाइप टाकावे लागतात.

विवेचनासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल असा स्किमर पद्धतीचा, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी आणि कचरा भिंतीतल्या तोंडातून ओढून घेणारा, तलाव गृहीत धरला आहे. कर्जत, मुळशी किंवा अलिबागच्या बाजूला बंगल्यांमागे साधारण याच मापाचे तलाव बांधले जातात. त्यात सुमारे ४३,००० लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर ओतूनही तो पुरता भरत नाही.

टाकीची परीक्षा

काँक्रीटला २८ दिवस मिळाल्याशिवाय वॉटरप्रूफिंगला हात लावू नये. त्यानंतर सर्व पाइपांची तोंडे बंद करून टाकी भरावी आणि पातळीवर खूण करून सात दिवस थांबावे. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठीच्या आयएस ३३७० या भारतीय मानकातही उघड्या टाकीची चाचणी सात दिवसांचीच आहे. उन्हाळ्यात रोज पाच-सात मिलिमीटर पाणी नुसत्या बाष्पीभवनाने जाते, त्यामुळे पातळी उतरली म्हणून लगेच गळतीचा निष्कर्ष काढता येत नाही. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली वजन ठेवून उभी करावी आणि आतल्या व बाहेरच्या पातळीवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर टाकी शाबूत आहे. बाहेरची जास्त उतरली तर पाण्याला कोठेतरी वाट मिळाली आहे. ही वाट बहुतेक वेळा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तेथे, किंवा तळ आणि भिंत यांच्या सांध्यात सापडते.

पाइपांची चाचणी निराळी घ्यावी. त्यात पाण्याचा दाब भरून, दाबमापक लावून, रात्रभर काटा हलत नाही हे पाहावे. हे काम भराव घालण्यापूर्वीच व्हायला हवे, कारण डेकखाली, म्हणजे तलावाभोवतीच्या फरशीखाली, गेलेला पाइप पुन्हा उघडा करणे कोणालाच परवडत नाही.

चाचणीनंतर टाकी रिकामी करायची ती कोरड्या हंगामातच. पावसाळ्यात भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना तलाव उपसला, तर खालच्या पाण्याच्या रेट्याने संपूर्ण टाकी वर उचलली जाऊ शकते, निदान तळाला तडे तरी जातात. तळात दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह बसवला आहे की नाही, हे टाइल लागण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे.

जलरचना: आधी हिशेब, मग आकार

भिंतीतून सलग पडणारा पाण्याचा पडदा ही आज सर्वांत जास्त मागणी असलेली रचना आहे, आणि सर्वांत जास्त फसणारीही तीच आहे. पडदा अखंड दिसायचा तर फटीच्या दर सेंटिमीटर रुंदीमागे मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी लागते. ९० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्याला त्यामुळे मिनिटाला सुमारे १३५ लिटर, म्हणजे तासाला ८,००० लिटरच्या आसपास पाणी हवे. आपल्या तलावाचे सगळे पाणी सहा तासांत एकदा गाळून घ्यायचे, तर गाळणीच्या पंपाला तासाला ७,२०० लिटर पुरतात. एकटा पडदाच गाळणीपेक्षा जास्त पाणी मागतो. म्हणून ‘त्याच पंपावर एक टी काढून देऊ’ असे प्लंबर म्हणाला, तर तो सल्ला मानू नये. पडद्यासाठी स्वतंत्र पंप, स्वतंत्र शोषण-पाइप आणि स्वतंत्र स्विच घ्यावा. पंप निवडताना केवळ हॉर्सपॉवर पाहू नये. आपल्याला लागणारे पाणी आपल्या उंचीवर आणि पाइपाच्या लांबीवर तो देतो का, हे त्याच्या आलेखावरून तपासावे. शोषणाच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला १.८ मीटरच्या आत आणि दाबाच्या पाइपात २.४ मीटरच्या आत राहील इतका व्यास घेतला, म्हणजे आवाज आणि वीज दोन्ही आटोक्यात राहतात.

शोषणाची तळाची तोंडे एकाऐवजी दोन असावीत आणि त्यांच्यात निदान ९० सेंटिमीटर अंतर असावे, म्हणजे एकावर कोणाचे शरीर किंवा केस ओढले गेले तरी दुसऱ्यातून पाणी येत राहते. त्यांवरची झाकणे भोवरा न होऊ देणारी, स्क्रूने आवळलेली हवीत. लहान मुले पोहणार असतील तर या एका गोष्टीवर कंत्राटदाराशी घासाघीस करू नये.

पडद्याची पट्टी बसवताना गवंड्याच्या डोळ्यावर विसंबून राहू नये. पट्टीच्या एका टोकाला तीन मिलिमीटरचा जरी फरक राहिला, तरी पाणी खालच्या बाजूला ओढले जाते, वरच्या बाजूला पडदा फाटतो आणि उरलेली धार भिंतीला चिकटून खाली घरंगळते. लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, दोन्ही टोके मिळवावीत, पट्टी तात्पुरती अडकवून बागेच्या नळीने पाणी सोडून पाहावे, आणि धार भिंतीपासून सुटून पडते अशी खात्री झाल्यावरच मागे मसाला भरावा. पट्टी पाण्यापासून ७५ ते ९० सेंटिमीटर उंच असावी. त्याहून उंच गेल्यास शिंतोडे डेकवर येतात आणि शेजारी बसून बोलणे अवघड होते. समुद्राकाठी किंवा डोंगराच्या कड्यावर, जेथे दुपारनंतर वारा सुटतो, तेथे पडदा मुळीच टिकत नाही. अशा जागी तो टाळलेलाच बरा.

माझे मत विचाराल तर घरगुती तलावाला गोमुख अधिक शोभते आणि अधिक परवडते. आपल्या देवळांच्या कुंडांत शतकानुशतके हीच रचना आहे: एक जाड, गोल धार, ठरावीक उंचीवरून. एका गोमुखाला मिनिटाला २० ते ४० लिटर पाणी पुरते, त्यामुळे तीन गोमुखे लावली तरी पडद्यापेक्षा कमी पाणी फिरते. वाऱ्याने धार फारशी हलत नाही आणि पाइपात थोडासा कचरा आला तरी ती फाटत नाही. दगडी गोमुख घेतल्यास आतून पीव्हीसीची नळी ओठापर्यंत न्यावी आणि पाणी दगडाच्या भोकातूनच वाहू देऊ नये, नाहीतर दगड सतत ओला राहून त्यावर क्षार चढतात. प्रत्येक धारेला आपला व्हॉल्व्ह असावा; पंपाजवळच्या मुखातून जास्त आणि लांबच्या मुखातून कमी पाणी येते, ते समान करण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

जलरचनेची भिंत जर मातीला टेकून असेल तर तिच्या मागच्या बाजूलाही वॉटरप्रूफिंग करावे, खडीचा थर आणि पाणी निघून जाण्यासाठी नळ्या द्याव्यात. असे न केल्यास मागची ओल दगडातून पुढे येते आणि पहिल्याच हिवाळ्यात भिंतीला पांढरा लोणा लागतो. तो घासून काढता येतो; पण मागची ओल थांबत नाही तोवर पुन्हा येतो.

उथळ पायरीवरचे बबलर, म्हणजे पाण्यातून वर उसळणाऱ्या छोट्या धारा, मुलांना फार आवडतात आणि त्यांचा खर्चही बेताचा असतो. कृत्रिम दगडांचे डोंगर मात्र, विशेषतः सह्याद्री समोर दिसत असताना, मला तरी उगाच वाटतात.

टाइल आणि कोपिंग

वॉटरप्रूफिंगचा शेवटचा थर झाल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी आणि मगच टाइलचे काम सुरू करावे. ग्लास मोझॅक असो वा सिरॅमिक, ती साध्या सिमेंटच्या लगद्यावर न लावता तलावासाठी बनवलेल्या पॉलिमरयुक्त चिकटद्रव्यावर लावावी, आणि सांधे एपॉक्सी ग्राउटने भरावेत. व्हाइट सिमेंटचे सांधे क्लोरीन आणि ॲसिड यांच्या पाण्यात हळूहळू झिजतात, त्यांत शेवाळ धरते आणि तळ काळपट दिसू लागतो. एपॉक्सी महाग आहे आणि कारागिराला ते भराभर पुसावे लागते, म्हणून एका वेळी थोडाच भाग भरायला सांगावा. सुकून वाळलेला एपॉक्सीचा पातळ थर काचेवरून निघता निघत नाही.

पाण्याच्या रेषेवरची टाइलची ओळ सर्वांत काळजीने लावावी. तलाव भरल्यावर पाणी स्वतःच समपातळी दाखवते आणि एका कोपऱ्यातला पाच मिलिमीटरचा फरकही लांबून दिसतो. काम संपल्यावर लाकडी मुठीने सगळा तळ ठोकून घ्यावा. पोकळ आवाज येणाऱ्या टाइल त्याच दिवशी उचलायला लावाव्यात. ग्राउट झाल्यावर पाणी भरण्यापूर्वी किती दिवस थांबायचे हे पाकिटावर लिहिलेले असते, आणि पाहुणे येणार म्हणून ते दिवस कमी करू नयेत.

काठाच्या दगडाला, म्हणजे कोपिंगला, तलावापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, म्हणजे डेक धुतल्याचे पाणी आत येत नाही. दगड निवडताना एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी: कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत आणि तलावात वापरल्या जाणाऱ्या ॲसिडचा थेंब पडला की त्यांवर कायमचा फिका डाग पडतो. फ्लेम केलेला ग्रॅनाइट किंवा छिन्नीचे घाव घातलेला बेसॉल्ट तेथे जास्त टिकतो, पण गडद दगड उन्हात तापतो. विक्रेत्याकडून दोन-तीन नमुने आणून एप्रिलच्या दुपारी अंगणात ठेवावेत, तासाभराने त्यांवर अनवाणी उभे राहून पाहावे, मग पाणी ओतून घसरण पाहावी. या दोन्ही चाचण्यांतून जो दगड पार पडेल तोच घ्यावा. कोकणातला चिरा दिसायला सुंदर असला, तरी तो सच्छिद्र असल्यामुळे काठावर शेवाळ धरतो; त्याचा उपयोग थोड्या लांबच्या गडग्यासाठी करावा.

कोपिंग आणि डेक यांच्यामध्ये चारही बाजूंनी दहा-बारा मिलिमीटरचा सांधा सोडून तो लवचीक सीलंटने भरावा. टाकी आणि डेक उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि बसतात. हा सांधा सिमेंटने भरला की कोपिंगचे दगड सुटायला लागतात.

डेक आणि खालचा भराव

नव्या तलावाभोवतीचा डेक खचतो त्याचे कारण बहुतेक वेळा फरशीत नसून भरावात असते. टाकी बांधताना भोवती जी मोकळी जागा खणलेली असते, ती शेवटी राडारोडा आणि खणलेली माती ढकलून बुजवली जाते. येथे चांगला मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी घालून, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमसून चोपून घ्यावा लागतो. शक्य असेल तर भराव एक पावसाळा तसाच उघडा ठेवावा. तेवढा धीर नसेल, तर पहिल्या वर्षी डेकवर खडी आणि वाळूच्या गादीवर मोकळे पेव्हर बसवावेत. खचले तर ते उचलून पुन्हा लेव्हल करता येतात, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पक्की फरशी घालता येते.

डेकला तलावापासून दूर, दर मीटरला एक सेंटिमीटर एवढा उतार पुरतो. सांधे भरण्यापूर्वी डेकवर बादलीभर पाणी ओतावे आणि ते कोठे साचते ते खडूने आखून घ्यावे. उताराच्या शेवटी जाळीची चर असावी आणि तिचे पाणी झाडांकडे नव्हे, बाहेरच्या नाल्याकडे जावे. मागे टेकडी असेल तर वरच्या बाजूला दुसरी खोल चर खणणे अपरिहार्य आहे, कारण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात उघड्या जमिनीवरची तांबडी माती थेट तलावात उतरते आणि गाळणीची वाळू एका रात्रीत भरून जाते.

पंपाची खोली जमिनीखाली असेल, तर तिच्यात पाणी शिरल्यावर आपोआप सुरू होणारा छोटा उपसा-पंप हवाच.

वीज

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे असावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी, तलावापासून दूर बसवावा. सर्व पंप आणि दिवे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) घ्यावेत, आणि जनरेटर किंवा इन्व्हर्टरवरून येणारी वीजही त्याच आरसीसीबीमधून गेली पाहिजे. ही दुसरी अट अनेक ठिकाणी पाळली जात नाही. शिडी, कठडा आणि टाकीतील सळ्या एकमेकींना तारेने जोडून अर्थ कराव्यात. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहावे.

झाडे

तलावाजवळच्या झाडाची निवड त्याच्या सौंदर्यापेक्षा ते काय गाळते आणि मुळे कोठवर पाठवते यावर करावी. वड, पिंपळ, उंबर आणि नर्सरीत मिळणारी फायकसची सगळी भावंडे टाकीपासून लांब ठेवावीत, कारण त्यांची मुळे ओल शोधत पाइपांच्या सांध्यांपर्यंत येतात. गुलमोहराची बारीक पाने जाळीतून आरपार जातात. बोगनवेलीचे रंग मोहक असले तरी तिची कागदासारखी फुले स्किमरची टोपली दिवसभरात भरून टाकतात आणि काटे अनवाणी पायांना लागतात. कण्हेर विषारी असल्याने मुलांच्या वावरात नको. नारळ लावायचाच असेल तर माणसे बसणार नाहीत अशा बाजूला लावावा.

काठापासून ६० ते ९० सेंटिमीटरचा पट्टा झाडांविना, धुतलेल्या खडीचा ठेवावा. त्यापलीकडे स्पायडर लिली, कर्दळ, हेलिकोनिया, अनंत यांसारखी, ओल सहन करणारी आणि फारसा कचरा न करणारी झाडे चालतात. चाफ्याबद्दल दुमत आहे. त्याची मुळे सौम्य असतात आणि फुले मोठी असल्याने जाळीने सहज उचलता येतात. हिवाळ्यात पानगळ होते तेवढी सोसायची तयारी असेल, तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला एखादा चाफा जरूर लावावा. उतार धरून ठेवायला वाळ्याइतके कामाचे दुसरे गवत नाही. त्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खोल जातात. पावसाळ्याच्या तीन-चार महिने आधी ठिबकवर त्याच्या आडव्या ओळी लावल्या, तर पहिल्या पावसापर्यंत तो माती अडवू लागतो.

हिरवळीला आणि झाडांना घातलेले खत पावसाबरोबर तलावात आले, की त्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसते. वाफे म्हणून काठापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावेत. गाळणी उलटी धुतल्याचे, म्हणजे बॅकवॉशचे, पाणी थेट मुळांशी किंवा ओढ्यात सोडू नये. ते एका खड्ड्यात दोन-तीन दिवस उन्हात राहू द्यावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मुले घरात असतील तर झुडपांच्या ओळीतच निदान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक दडवता येते. कुंपणाला पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी असू नये.

पहिले पाणी

मे महिन्यात गावाला टँकर येत असताना तलाव भरायला काढू नये. विहिरींना पाणी असते तेव्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तो भरावा. भरण्याआधी पाण्याची परीक्षा घ्यावी. तांबड्या मातीच्या भागातील विहिरींच्या पाण्यात लोह असू शकते, आणि ते दिसायला स्वच्छ असले तरी क्लोरीन पडताच चहासारखे होते. पांढऱ्या बादलीत त्या पाण्यात क्लोरीनची चिमूट टाकून रात्रभर ठेवावी. सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला तर दुसरे पाणी शोधावे, किंवा लोह बांधून ठेवणारे रसायन आधीच आणून ठेवावे. बोअरचे पाणी जड असेल तर काचेच्या टाइलवर आणि धारेच्या ओठावर पांढरे क्षार चढतात.

तलाव भरल्यावर गाळणी सुरू करून आधी क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) दरम्यान आणावी. ती कमी असेल तर खायचा सोडा चालतो. मग पीएच ७.२ ते ७.६ वर बसवावा आणि शेवटी मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवावा. पाणी पडद्यातून किंवा गोमुखातून पडत असताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर चढतो, त्यामुळे जलरचना असलेल्या तलावाला ॲसिड जास्त लागते आणि बाष्पीभवनही वाढते. या दोन्ही कारणांसाठी जलरचना दिवसभर न चालवता टायमरवर, संध्याकाळी माणसे बसतात तेवढा वेळ चालवावी. ती अनेक दिवस पूर्ण बंद ठेवणेही योग्य नाही, कारण पन्हाळीत साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये. टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक ॲसिड) आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही दोन क्लोरीनची औषधे एकाच मापाने किंवा एकाच डब्यात कधीही येऊ देऊ नयेत. ती एकत्र आली तर आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. टीसीसीए सोयीचे असले तरी प्रत्येक वेळी सायन्यूरिक ॲसिड मागे ठेवते. हे प्रमाण ३० ते ५० पीपीएमच्या वर गेले की क्लोरीन असूनही पाणी हिरवे होऊ लागते, आणि तेव्हा काही पाणी बदलण्यावाचून उपाय राहत नाही. माळ्याला किंवा केअरटेकरला ही दोन औषधे वेगवेगळ्या रंगाच्या झाकणांच्या डब्यांत, मराठीत नावे लिहून द्यावीत.

पहिल्या पावसाळ्याची व्यवस्था मे अखेरीसच करून ठेवावी. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर आपल्या तलावात नुसता आकाशातून ३,२०० लिटर पाण्याचा भर पडतो, पातळी दहा सेंटिमीटर चढते, स्किमरचे तोंड बुडते आणि पृष्ठभागावरचा पाचोळा आत ओढला जाणे थांबते. म्हणून जादा पाणी आपोआप बाहेर जाणारी सांडनळी मोकळी आहे ना, तिच्या तोंडावर बेडूक अडकणार नाही अशी जाळी आहे ना, हे पाहावे. पावसाच्या पाण्याने क्लोरीन आणि क्षारता दोन्ही उतरतात, तेव्हा मोठी सर येऊन गेल्यावर चाचणी करूनच औषध घालावे. पातळी कमी करायची वेळ आली तरी एका वेळी दहा-पंधरा सेंटिमीटरच उतरवावी, आणि जमिनीत पाणी भरलेले असेतोवर तलाव पूर्ण रिकामा करण्याची परवानगी कोणालाही देऊ नये.